ताई, हात धुवून या

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. पण काष्टीत काढलेल्या त्या वर्षात तो राग कुणावर काढायचा तेच मला कळलं नाही, कारण तिथे माझ्याशी कुणी वाईट वागलंच नाही. वागले असते तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

आयटीआयला मी मोटार मेकॅनिकचा ट्रेड घेतला होता. आमचं गाव शेवगाव तालुक्यात, कापसाच्या पट्ट्यात. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी ते ट्रॅक्टर दारात उभा करून काहीतरी खटपट करत बसायचे आणि पान्हे हातात द्यायचं काम माझ्याकडे असायचं. भावाला बोलावलं तर तो क्रिकेटला पळालेला असायचा. मला मात्र त्या उघड्या इंजिनापाशी बसायला फार आवडायचं. आई म्हणायची, पोरीच्या अंगाला डिझेलचा वास येतो, हिला कोण करून घेणार. वडील म्हणायचे, येऊ दे की वास, कामाचा वास आहे.

आयटीआय झाल्यावर वर्षभर कुठेतरी अ‍ॅप्रेंटिस म्हणून काम शिकायचं असतं. मला जागा मिळाली ती काष्टीत, ट्रॅक्टरच्या एका शोरूममागच्या वर्कशॉपमध्ये. जिल्हा एकच, पण आमच्या गावाहून काष्टी म्हणजे दोन गाड्या बदलून दिवस घालवायचा. त्यामुळे पिठाच्या गिरणीमागे एक खोली भाड्याने घेतली. धुतलेले कपडे दोरीवर टाकले की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर पिठाचा पातळ थर बसायचा. सकाळी ड्रेस झटकून घालायचा आणि निघायचं.

पहिल्या दिवशी मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. मालक तसे तरुणच, पांढऱ्या कपड्यातले, हसतमुख. सगळे त्यांना दादा म्हणायचे. माझ्याबरोबर एक पोरगा लागला होता, जवळच्याच वाडीवरचा. मालक म्हणाले, "दोघंबी वर्षभर शिका. शेवटाला एकाला वर्कशॉपला कायम घेणार हाय मी." मग इतरांकडे वळून म्हणाले, "आपल्याकडं पहिलीच मुलगी आलीय. तिला कशाचा त्रास होता कामा न्हाई. ध्यानात ठेवा."

हे ऐकून मला भरून आलं होतं. रात्री आईला फोनवर तेच सांगितलं. आई म्हणाली, देवमाणूस दिसतोय. ते खरंच तसे होते, आणि सगळं बिघडलं ते त्यांच्या त्या चांगुलपणामुळेच.

वर्कशॉपचा कारभार मिस्तरींच्या हातात होता. बुटके, कायम तोंडात पान, आणि हाताची बोटं अशी जाड की त्यांच्या हातात पंधराचा पान्हाही काडीसारखा दिसायचा. त्यांची शिकवायची एकच पद्धत होती, शिव्या. "आरं ए रेड्या, डोळे काय घरी ठिवून आलास? वायसर कोन टाकनार, तुजा आजा?" असं ते त्या पोराच्या अंगावर ओरडले की आधी वॉशर, मग नट, हे त्याच्या डोक्यात जन्मासाठी बसायचं. त्यांच्या प्रत्येक शिवीत एक धडा असायचा. कुठला बोल्ट आधी सोडायचा, कुठला पाइप वाकवला की तुटतो, गरम इंजिनाला पाणी का लावायचं नाही, हे सगळं त्या पोराला शिव्यांतून मिळत होतं. दुपारपर्यंत त्याचं तोंड उतरलेलं असायचं आणि संध्याकाळी त्याला एक नवं काम येत असायचं.

मला मात्र मिस्तरी म्हणायचे, "ताई, तुमी ऱ्हाऊ द्या. जड हाय ते."

त्या वाक्याचा मला इतका संताप यायचा! जड आहे म्हणूनच उचलायला आले ना मी? पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं की राग विरघळायचा. त्यांच्या स्वतःच्या दोन मुली होत्या. आपण एका पोरीला सांभाळतोय, असंच त्यांना मनापासून वाटायचं. मी नट उलटा फिरवला तरी ते हातातून पान्हा अलगद काढून घ्यायचे आणि नट स्वतः बसवून टाकायचे. माझं काय चुकलं ते सांगायचेही नाहीत. चूक दाखवली तर ताई दुखावेल, असं त्यांना वाटायचं.

माझ्या वाट्याला आलं फिल्टर धुणं, ग्रीस भरणं, तेल बदलणं आणि बॅटरी धरणं. बॅटरी म्हणजे हातातला टॉर्च. मिस्तरी गाडीखाली शिरले की मी उकिडवं बसून त्यांना उजेड दाखवायचे. त्या वर्षात वर्कशॉपमध्ये उघडलेली जवळजवळ प्रत्येक गाडी मी आतून बघितली. गिअरबॉक्स बघितला, पंप बघितला, क्लच बघितला. सगळं पाठ झालं होतं, पण डोळ्यांना. मेकॅनिकच्या कामात डोळ्यांचं पाठांतर काही उपयोगाचं नसतं. हात बसावा लागतो, आणि माझा हात तर उजेड धरण्यात अडकलेला.

खंडेनवमी आली. वर्कशॉपमधली सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडायची, पूजा करायची. आदल्या दिवशी मालक स्वतः मागे आले आणि म्हणाले, "ताई, उद्या रांगोळीचं तुमच्याकडं." मला रांगोळी येत नाही. शाळेतही कधी धड आली नाही. मी एक गिअर काढला, दात्यांचा. दाते एकसारखे आले नाहीत आणि तो गिअर कमी आणि चावलेली भाकरी जास्त दिसायला लागला. तरी सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. मिस्तरींनी तर मोबाईलमध्ये फोटोही काढला. तोवर माझ्या कुठल्याही कामाचं तिथे कुणी कौतुक केलं नव्हतं, कारण कौतुक करण्यासारखं काम कुणी माझ्या हातात दिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. नवे ट्रॅक्टर न्यायला लोक मुहूर्तावर येतात. हार, नारळ, पेढे, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू असा सगळा थाट. ओवाळायला घरची बाई बरोबर असते. पण त्या दिवशी एक जण आला तो नुसते भाऊ आणि पुतणे घेऊन. बायको बाळंतीण, आई आजारी. मुहूर्त चालला होता. मालकांनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यांना आठवलं. मागच्या दारातून त्यांची हाक आली, "ताई, हात धुवून या!"

मी ग्रीसच्या हातांनी बसले होते. वर्कशॉपमध्ये हात धुणं हा एक सोहळाच असतो. आधी डिझेलने, मग कपडे धुवायच्या पावडरीने, मग नखांत जुना ब्रश. तरी काळं पूर्ण जात नाही. तशाच हातांनी मी ताट धरलं आणि ट्रॅक्टर ओवाळला. आजूबाजूला टाळ्या. कंपनीच्या निळ्या ड्रेसातली मी, हातात निरांजन, असा फोटोही निघाला. मला हसू आलं होतं, हे खरं आहे. एखाद्या दिवशी गंमत म्हणून काय बिघडतं, असं वाटलं होतं.

बिघडलं ते पुढे. त्या माणसाने ट्रॅक्टर नेला आणि त्याच आठवड्यात त्याच्या बोअरला पाणी लागलं. आमच्याकडे बोअरला पाणी लागणं म्हणजे काय असतं ते सांगायला नको. तो पेढे घेऊन शोरूमला आला आणि मला शोधत मागे वर्कशॉपमध्ये आला. सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, तुमचा हात लागला आन् माझं भलं झालं." मिस्तरी हसले, मी हसले. पण बाजाराच्या दिवशी काष्टीला सगळा तालुका येतो, आणि ही गोष्ट चहाच्या टपऱ्यांवरून बैलबाजारापर्यंत पोचली. त्याचा मावसभाऊ ट्रॅक्टर घ्यायला आला तो बायकोला बरोबर घेऊन आला, तरीही म्हणाला, "ती ताई कुठंय? तिलाच ओवाळू द्या."

दिवाळीच्या पाडव्याला तर मी दिवसभर शोरूममध्येच होते. मालकीणबाईंनी एक जरीची साडी आणून शोरूमच्या कपाटात ठेवली, खास माझ्यासाठी. ड्रेसवर बरं दिसत नाही म्हणाल्या. मग तो नेमच झाला. मागे एखादी गाडी खोलायला घेतलेली असायची, मिस्तरींनी पोराला शिव्या घालायला सुरुवात केलेली असायची, आता काहीतरी बघायला मिळणार म्हणून मी पुढे सरकलेली असायची, आणि दारातून हाक यायची, "ताई, हात धुवून या." हात धुऊन, साडी नेसून, ओवाळून, फोटो काढून, पुन्हा ड्रेस घालून मी परत येईपर्यंत गाडी बंद झालेली असायची.

जेवणाचं सांगायचं राहिलं. वर्कशॉपमागे जुने टायर पडले होते. दुपारी सगळे त्यांच्यावर गोल करून डबे उघडायचे. लांबूनच हसण्याचे फवारे ऐकू यायचे. सुरुवातीला मीही डबा घेऊन गेले. मला बघताच सगळे सावरून बसले. एकाने टायरवर गोणपाट टाकलं, दुसऱ्याने ते झटकलं. "ताई, भाजी घ्या." "ताई, लोणचं चालंल का?" आणि मग गप्प. नुसता चावण्याचा आवाज. मी गेले नसते तर जी गोष्ट रंगली असती ती माझ्यामुळे मध्येच मेली होती, हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग मी शोरूमच्या मागच्या पायरीवर बसून जेवायला लागले. मी उठून गेले की माझ्या पाठीमागे हसणं परत सुरू व्हायचं. ते मला हसत नव्हते, एवढं मला नक्की ठाऊक होतं. मला हसले असते तर मी वळून दोन शब्द सुनावले असते आणि त्यांच्यात जाऊन बसले असते.

एकटेपणाबद्दल बोलायचं तर खोलीवर मी एकटी असायचे त्याचं मला विशेष काही वाटलं नाही. तिथे गिरणीची घरघर असायची, दुपारचं उरलेलं खायचं, मोबाईल बघायचा, झोपायचं. खरी एकटी मी दिवसा असायचे, दहा माणसांत, जिथे प्रत्येक जण माझ्याशी आदराने बोलायचा.

वडील रोज फोन करायचे आणि एकच विचारायचे, "आज काय खोललं?" मी सांगायचे, आज पंप खोलला. आज मागचा एक्सल खोलला. खोटं नव्हतं ते, फक्त कुणी खोलला ते मी सांगत नव्हते. वडिलांना केवढा आनंद व्हायचा! पंपाचं सगळं बारीकसारीक ते विचारून घ्यायचे आणि मी उजेडात बघितलेलं सगळं सांगायचे. आई मध्येच फोन ओढून घ्यायची आणि विचारायची, जेवलीस का.

माझ्याबरोबर लागलेला पोरगा वाईट नव्हता. हात धुताना तो मला उत्साहाने सांगायचा, ताई आज मी एकट्याने ब्रेक बसवले. हातोडी लागून काळंनिळं झालेलं नख दाखवायचा. त्याचा मला हेवा वाटायचा, अगदी त्या नखाचासुद्धा. ऊसतोडीच्या हंगामात तर वर्कशॉपला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दोन दोन ट्रॉल्या ओढून दमलेले ट्रॅक्टर रांगेत उभे असायचे. मला वाटलं, आता तरी माणसं कमी पडतील आणि माझा नंबर लागेल. पण मिस्तरी त्या पोराला म्हणायचे, "ए, तू हिकडं मर." मला म्हणायचे, "ताई, जरा उजेड."

साखर कारखान्याचा हंगाम संपला, ऊन तापलं, आणि एक दिवस एक बागायतदार आपला ट्रॅक्टर कसाबसा चालवत घेऊन आला. क्लच गेला होता. इंजिन ओरडायचं, चाकं जेमतेम सरकायची. हा ट्रॅक्टर मी पाडव्याला ओवाळलेला. त्या पोराला घेऊन दुसरा मेकॅनिक कुणाच्या तरी वावरात बंद पडलेली गाडी बघायला गेला होता. मिस्तरी हात पुसत पुढे झाले तर बागायतदार आडवा आला. "मिस्तरी, ताईला बोलवा. तिच्या हाताची गाडी हाय ही. पैला हात तिचाच लागू द्या."

मिस्तरी हसत म्हणाले, "व्हय व्हय, लावू द्या हात. ताई, या, नुसता हात लावा."

काय झालं कुणास ठाऊक, माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "नुसता नाही लावायचा. यांची श्रद्धा आहे ना? मग पूर्ण गाडी मी खोलणार. कुणी मध्ये यायचं नाही." ज्या ओवाळण्याने माझं वर्ष खाल्लं होतं तेच मी ढाल करून पुढे धरलं होतं. बागायतदार खूश झाला. मिस्तरी पान थुंकून आले आणि म्हणाले, "बरं. करा."

क्लच बदलायचा म्हणजे ट्रॅक्टर मधून दोन करावा लागतो. इंजिनाचा भाग पुढे, गिअरबॉक्सचा भाग मागे. दोन्हीकडे स्टँड लावायचे, पुढच्या एक्सलवर लाकडी पाचरी ठोकायच्या म्हणजे इंजिन कलणार नाही, वायरी सोडायच्या, पाइप सोडायचे, बोल्ट काढायचे आणि पुढचा भाग हळूहळू ओढून लांब न्यायचा. मी बघितलेलं कितीतरी वेळा होतं. पण पहिला बोल्ट सुटतानाच कळलं की बघणं आणि करणं यात केवढी दरी आहे. पान्हा निसटला आणि माझी बोटं लोखंडावर आपटली. सालटं निघालं. मी तोंडातून आवाज काढला नाही, नाहीतर लगेच कुणीतरी म्हणालं असतं, ताई, राहू द्या. मिस्तरी जवळच खोक्यावर बसून होते. या वेळी टॉर्च त्यांच्या हातात होता.

ट्रॅक्टर दोन झाला. जळालेली प्लेट काढली, नवी बसवली. दुपार टळून गेली होती. मग दोन्ही भाग परत जुळवायची वेळ आली. ते सरकत सरकत जवळ आले आणि बोटभर फटीवर येऊन अडले. कितीही ढकलले तरी बसेनात. बोल्टची भोकं समोरासमोर आली आहेत का ते कळावं म्हणून मी एका भोकात बोट घालून चाचपायला गेले.

आणि मिस्तरी कडाडले, "बोट काड! काड बोट, ए आंधळे! कापून घेतेस काय? अक्कल कुठं विकून आलीस गं, गाढवे?"

सगळं वर्कशॉप थबकलं. मी बोट काढलं होतं. भाग सरकला असता तर ते बोट आज या हाताला नसतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागले. गाढवे! तू! मिस्तरी भानावर नव्हते, ते पुढे बोलतच सुटले. "हसतेस काय दात काडून? बोल्ट लावून वडायचं न्हाई, बोट घालायचं न्हाई. मागं जा, पीटीओचा शाफ्ट हातानं फिरव. हळू! आतले दाते एकमेकांत बसले की आपोआप येतं ते. फिरव, फिरव… हां!"

मी मागे बसून शाफ्ट, म्हणजे मळणीयंत्र जोडायचा तो मागचा दांडा, फिरवत होते. आत कुठेतरी दाते जुळले, खाट असा एक भरीव आवाज झाला आणि फट मिटली. तो आवाज माझ्या हातातून खांद्यापर्यंत आला. इतके दिवस डोळ्यांत असलेलं सगळं त्या एका क्षणी हातात उतरलं. मी मनात म्हणाले, झाले आता मी मेकॅनिक.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. बागायतदाराने आवारात दोन चकरा मारल्या, क्लच सोडून बघितला, दाबून बघितला, आणि खाली उतरून मला हात जोडले. "बगा, म्हनलं न्हवतं? ताईच्या हाताला गुण हाय." दिवसभर घाम गाळून केलेलं काम त्याने पुन्हा देवाच्या नावावर जमा करून टाकलं. तरी तेही मी सोसलं. मला लागलं ते पुढचं. मी हात धुवत होते, तेव्हा मिस्तरी जवळ येऊन उभे राहिले. मान खाली घालून म्हणाले, "ताई, मगाशी तोंडातनं वंगाळ निगालं. राग मानू नका. पुन्हा न्हाई असं व्हनार."

मी म्हणाले, "अहो मिस्तरी, द्या की शिव्या. रोज द्या." त्यांना वाटलं मी मोठ्या मनाने माफ करते आहे. ते आणखीच ओशाळले. आणि त्यांनी शब्द पाळला. त्यानंतर शेवटपर्यंत मला त्यांच्या तोंडून पुन्हा कधी 'तू' ऐकायला मिळालं नाही.

त्या रात्री मी स्वतःहून वडिलांना फोन केला. म्हटलं, "आज मी क्लच बदलला. ट्रॅक्टर मधून दोन केला." वडील म्हणाले, "वा." मग म्हणाले, "रोजचंच आहे की आता तुझं ते." त्यांना काय सांगणार? मी हो म्हटलं आणि फोन आईला द्या म्हटलं.

वर्ष संपत आलं. मी मिस्तरींना गाठून सरळ विचारलं, "माझं काम बरं आहे का?" ते म्हणाले, "चांगलं हाय. हात हलका हाय तुमचा." म्हटलं, "मग मालकांना सांगाल का?" ते म्हणाले, "सांगतो." दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच सांगितलं, "बोललो मी मालकाशी. म्हनलं, पोरीला ठिवून घ्या."

"मग? काय म्हणाले?"

"म्हनले, ठेवतोच हाय की."

मी चहासुद्धा न पिता शोरूममध्ये गेले. मालकांनी मला खुर्ची दिली, थंड पाणी मागवलं आणि आनंदाने सांगितलं की मला कायम करायचं त्यांनी केव्हाच ठरवलंय. शोरूममध्ये. काचेच्या आत, पंख्याखाली, गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि गाड्या ओवाळून द्यायच्या. वर्कशॉपला त्या पोराला घेतलं होतं.

मी म्हणाले, "दादा, मला मागे काम करायचंय."

ते खरंच गोंधळले. त्यांच्या चेहऱ्यावर जराही लबाडी नव्हती. म्हणाले, "अहो ताई, वर्कशॉपला कुनीबी मिळतं. तुमच्यासारखी लाभाची पोर कुटं मिळती? लोक तुमच्या नावानं येत्यात. तिकडं काळ्या तेलात कशाला मरता?"

मी वर्षभर ज्या कुणीबीत जाऊन बसायला धडपडत होते, त्यांच्यात मला जागा नव्हती. मी नाही म्हटलं. त्यांनी आठवडाभर विचार करायला सांगितलं, मालकीणबाईंनी फोन करून समजावलं, आई म्हणाली पंख्याखालची नोकरी कोण सोडतं. मी पिठाने माखलेली गादी गुंडाळली आणि गावी आले. दुसरीकडच्या वर्कशॉपांत अर्ज टाकले. मुलगी म्हटल्यावर फोनवर आवाज बदलतो, हे आता मला पहिल्या शब्दात ओळखू येतं.

कापूस फुटला. घरी बसून काय करणार, म्हणून मीही आईबरोबर वेचणीला जायला लागले. एक दिवस भर दुपारी, कमरेला बांधलेली झोळी निम्मी भरली असताना फोन वाजला. तो पोरगा होता. आवाज दबका, घाबरलेला.

"ताई, अडकलोय. मिस्तरी लग्नाला गेल्यात. क्लचची गाडी हाय, जोडताना फट ऱ्हायलीय बोटभर. बसंना झालीय. बोल्ट लावून वडू का? मालक बघत्यात काचेतनं."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या सरीतून आईने मान वर केली. "बोल्टला हात लावू नकोस, नवी प्लेट वाकेल. भोकात बोट कुणी घालायचं नाही. फोन स्पीकरवर टाक. पीटीओ गुंतव. आता मागे जा, शाफ्ट हाताने फिरव. घाई करू नकोस. दुसऱ्याला पुढून नुसता रेटा द्यायला सांग. फिरव."

फोनमधून लोखंडाचा आवाज येत होता, कुणाचे तरी पाय घासल्याचे आवाज, आणि मागे कुठेतरी चालू असलेला कॉम्प्रेसर. मी डोळे मिटून घेतले होते. एका हातात फोन होता आणि दुसरा हात हवेत गोल फिरत होता. "अजून. थोडं मागे घे. आता परत. अरे हळू, रेड्या, डोळे मिटून फिरवतोस काय?"

आणि तो आवाज आला. खाट. मग दोनचार जण एकदम ओरडले, "बसला! बसला!" कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, तीही मला ऐकू आली. तो हसत होता. म्हणाला, "बसला ताई! ठिवतो," आणि फोन बंद झाला.

"आता बोल्ट समोरासमोरचे आवळ, एका बाजूने आवळत जाऊ नकोस," मी म्हणाले, आणि मग माझ्या लक्षात आलं की पलीकडे कुणी नाही. मी परत फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. उचलणार तरी कसा, सगळ्यांचे हात ग्रीसने भरलेले असतील.